कासवीचे बाळंतपण

कासवाला दुखणे येते हे पुष्कळांना खरेच वाटत नाही. देवळातले दगडी कासव पाहण्याची आपल्याला लहानपणापासून सवय. जाता जाता त्याच्या पाठीला हात लावायचा, तो कपाळाशी न्यायचा आणि गाभाऱ्याकडे वळायचे. त्या कासवाला ना भूक, ना ताप, ना पोटदुखी. जिवंत कासव घरात आणणारी माणसेही त्याच्याकडे साधारण ह्याच नजरेने पाहतात. ते भुंकत नाही, दूध सांडत नाही, रात्री-अपरात्री दार उघडायला लावत नाही. पाणी बदलले आणि चार दाणे टाकले की झाले! मग ते खरोखर आजारी पडते तेव्हा त्याची बातमी घराला सर्वांत शेवटी लागते.

मी आज लिहिणार आहे ते एका अडलेल्या कासवीविषयी. ‘अडलेली’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. गाय अडते, म्हैस अडते, घरी बाळंतपणे होत तेव्हा बायकाही अडत. अंडी पोटात पुरी तयार असून ती बाहेर येत नाहीत, अशी कासवी ही अडलेलीच. पशुवैद्यांच्या पुस्तकात ह्या अवस्थेला लांबलचक लॅटिन वळणाचे नाव आहे. मी ते नाव पाठ करून सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या निवडत असलेल्या तांदळांवरून नजर न काढता म्हणाल्या, “म्हणजे अडलीच ना?”

आधी ही कासवी आमच्याकडे आली कशी ते सांगते. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला वाढदिवसाला कुणीतरी मुंबईतल्या एका बाजारातून कासवाचे पिल्लू आणून दिले होते. दहा रुपयांच्या नाण्याहून थोडेसे मोठे, हिरवेगार, आणि डोळ्यामागे दोन्ही बाजूंना तांबडा पट्टा. डोंबिवलीच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये काचेच्या पेटीत ते वाढले. भाच्याने त्याचे नाव ठेवले ‘राजाभाऊ’. दहा वर्षांत राजाभाऊ नाश्त्याच्या बशीएवढा झाला, आणि २०२२ साली बहिणीचे बिऱ्हाड बंगलोरला हलले तेव्हा पेटीसकट आमच्या शहापूरच्या घरी आला. आमचे हे शाळामास्तर. “एका कासवाने काय बिघडते?” असे म्हणून त्यांनी गॅलरीत एक मोठा टब मांडला, मध्ये दोन विटा रचून ऊन खायला जागा केली, आणि राजाभाऊंची शहापुरातली वस्ती सुरू झाली.

राजाभाऊंचे मूळ गाव मात्र डोंबिवलीही नव्हे आणि मुंबईही नव्हे. तांबड्या कानाचे हे कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. लुइझियाना राज्यात त्यांची शेती चालते. तिथून लक्षावधी पिल्ले जगभर गेली. नाण्याएवढे पिल्लू गोजिरवाणे दिसते, आणि ते फुटाएवढे होऊ शकते हे विकणारा सांगत नाही. लहान मुले ती तोंडात घालीत आणि साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडत. म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासव विकायलाच बंदी केली. युरोपने १९९७ साली त्यांची आयात थांबवली. जपानने १ जून २०२३ पासून त्यांची विक्री आणि त्यांना मोकळे सोडणे, दोन्ही बंद केले. कारण कंटाळलेली माणसे ती तळ्यात सोडतात, आणि हे दणकट पाहुणे तिथल्या मूळच्या कासवांच्या ऊन खायच्या जागा आणि अन्न बळकावतात. जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत ह्यांचे नाव आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हे लिहिलेले वाचून कुणी आपल्या मातीतले कासव घरी आणायला जाऊ नये. आमच्या मुरबाडकडच्या विहिरींत आणि भाताच्या खाचरांत सापडणारे मऊ पाठीचे कासव, ओढ्यातले काळे कासव किंवा पाठीवर नक्षीच्या चांदण्या असलेले तारा कासव, ह्यांपैकी कुठलेही धरणे, विकणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात कासव ठेवले की लक्ष्मी नांदते, हा समज कुठून निघाला कोण जाणे! त्यापायी तारा कासवांचा एवढा चोरटा व्यापार झाला की २०१९ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. असे कासव कुणाकडे अडकून पडलेले दिसले, तर वनखात्याला १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. ते येऊन घेऊन जातात.

असो. २०२४ च्या होळीनंतर राजाभाऊंचे जेवण सुटले. दाण्यांकडे पाहीनात, गाजराच्या फोडीही तशाच तरंगत राहिल्या. एरवी विटांवर पाय पसरून ऊन खाणारा प्राणी, तो टबात फेऱ्या घालू लागला. कडेला जाऊन मागचे पाय प्लास्टिकवर घासायचा. खर्र, खर्र, असा आवाज रात्री दोन वाजता ऐकू यायचा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, उन्हाळा बाधला असेल. धाकटा म्हणाला, त्याला व्यायाम हवा असेल. मग पाडव्याच्या दिवशी, ९ एप्रिलला, मी गुढीच्या गडबडीत असताना राजाभाऊ टबातून पडला, सरपटत गॅलरीच्या टोकाला गेला, आणि तुळशीच्या कुंडीवर पुढचे पाय टेकून उभा राहिलेला मला दिसला. कुंडी त्याच्याहून उंच. तो घसरे, आणि पुन्हा चढू पाही. मी त्याला उचलून टबात ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा टबाच्या काठाशी धडपड सुरू.

त्याला तुळशीची भक्ती जडलेली नव्हती. त्याला माती हवी होती. पण हे मला कळले ते दोन दिवसांनी, ठाण्याला.

तोवर सल्ले पुष्कळ मिळाले. सर्वांत जास्त मते पडली ती ‘भातसा धरणात सोडून द्या’ ह्या सल्ल्याला. एक जण तर म्हणाले, “पाण्याचा जीव पाण्यात. पुण्य लागेल.” भातसाचे पाणी निम्मीअधिक मुंबई पिते, आणि त्या नदीकाठी आपली कासवे हजारो वर्षे राहत आलेली आहेत. त्यांच्या घरात हा अमेरिकन पाहुणा घुसवायचा, तोही आजारी, ह्यात पुण्य कसले ते मला समजेना. शिवाय अन्न सोडलेल्या जनावराला अनोळखी पाण्यात ढकलणे म्हणजे त्याच्या मरणाकडे पाठ फिरवणे. ते मरेल, पण आपल्याला दिसणार नाही, एवढाच काय तो फरक.

गुरांचे एक डॉक्टर आमच्या ह्यांच्या ओळखीचे. त्यांनी राजाभाऊला हातात घेतले, मागच्या पायांपुढच्या मऊ कातडीत हलकेच बोट दाबून पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, हा राजाभाऊ नाही. पोटात काहीतरी गोल गोल लागते आहे. माझे हात गाईम्हशींना सरावलेले. कासवाचे मी काही करणार नाही. पक्षी आणि सरपटणारे जीव पाहणारा डॉक्टर गाठा, आणि फोटो काढा.” मला ह्या गृहस्थांचे मोठे कौतुक वाटले. येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारा डॉक्टर निम्मा जीव तिथेच वाचवतो.

घरी आल्यावर मी सासूबाईंना मुरबाडला फोन केला आणि बातमी सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांचा आवाज आला, “अगं, म्हणजे राजाभाऊला दिवस गेलेत?”

नर आणि मादी ओळखायची खूण सोपी आहे, पण ती कासव मोठे झाल्यावरच कळते. नर आकाराने लहान, त्याच्या पुढच्या पायांची नखे लांबच लांब आणि शेपूट जाड. मादी मोठी, नखे आखूड. नाण्याएवढ्या पिल्लात ह्यातले काहीच दिसत नाही. आणि हा भेद जन्मजात ठरलेलाही नसतो! अंडे ज्या मातीत उबते तिच्या उष्णतेवर तो ठरतो. साधारण २६ अंशांवर नर निपजतात, ३१ च्या पुढे माद्या.

आसनगावहून लोकलने आम्ही ठाण्याला गेलो. पिशवीत ओला पंचा, त्यावर राजाभाऊ. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि काळ्या पडद्यावर आम्हांला दाखवला. कवचाच्या आत बारीक रेघेची लंबगोल अंडी, एकाला एक खेटून. धाकट्याने बोट लावून मोजली. नऊ.

मग डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटते, म्हणून जरा विस्ताराने देते. कासवाचे कवच म्हणजे त्याने अंगावर घेतलेले घर नव्हे, त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच सांधून ते झालेले असते. गाईचे पोट वाढते, बाईचे वाढते; कासवाला वाढायला जागाच नाही. आत अंडी भरली की जठर चेंगरते, म्हणून मादी थोडे दिवस अन्न सोडते. एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही. अंगात तरतरी असेल, फिरत असेल, खणायला पाहत असेल, तर ती फक्त दिवस भरलेली आहे. पण ती डोळे मिटून पडून राहू लागली, मागचे पाय ओढू लागली, कळा देते आहे आणि काही येत नाही असे दिसले, तर तास मोजायचे, दिवस नव्हे. अंडे आत फुटले तर बलक पोटात पसरतो, सडतो, आणि मग कवच कापून शस्त्रक्रिया करण्यावाचून इलाज राहत नाही.

अडण्याची कारणे अनेक. एखादे अंडे वेडेवाकडे किंवा फार मोठे असते आणि कंबरेच्या हाडातून निघत नाही. अंगात चुना कमी असतो, मग अंडे ढकलणाऱ्या स्नायूंत जोर येत नाही. चुना अंगी लागायला ऊन लागते, आणि ऊन काचेतून आलेले चालत नाही. ज्या किरणांचे काम असते तेच किरण काच अडवते. डोंबिवलीच्या पेटीत दहा वर्षे ऊन आले ते खिडकीच्या काचेतून आले. पण सर्वांत नेहमीचे कारण औषधाच्या बाटलीतले नाही. कासव पाण्यात राहते, पण अंडी पाण्यात घालीत नाही. त्यासाठी तिला काठावर येऊन मागच्या पायांनी माती उकरावी लागते. माती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते. एक दिवस, आठ दिवस, कधी कधी कितीतरी आठवडे. जास्त दिवस राहिलेल्या अंड्यांची कवचे जाड होत जातात, आणि जी सहज आली असती ती अडतात.

“तुमच्याकडे माती आहे का?” डॉक्टरांनी विचारले.

पहिल्या मजल्यावर माती ती तुळशीच्या कुंडीत तेवढी! तेव्हा मला पाडव्याची ती धडपड उमगली.

अंडी आकाराने बरी होती, कुठे अडथळा दिसत नव्हता, अंगातही जोर होता. म्हणून डॉक्टरांनी चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे इंजेक्शन दिले आणि सांगितले, “आधी माती द्या. चार दिवस वाट पाहा. नाही जमले तर कळांचे इंजेक्शन देऊ. आणि नऊ हा आकडा विसरू नका.”

माती कुठे मिळणार? मुरबाडला. आमचे मूळ घर सरळगावच्या अलीकडे एका वाडीत. मागे परसू, पुढे भाताची खाचरे, शेजारून ओढा. दुसऱ्याच दिवशी राजाभाऊला पाटीत घालून मी शहापूरहून एस. टी. पकडली. कंडक्टरने पाटीवरचे फडके उचलून पाहिले. “जिवंत आहे?” “जिवंत आहे आणि अडलेली आहे,” मी म्हटले. त्याने तिकीट फाडायचे थांबवले आणि मागच्या बाकावरच्या दोघा पोरांना उठवून खिडकीजवळची जागा मला दिली. किन्हवलीला चढलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर पाटीवर पदराने वारा घातला. अडलेली ह्या शब्दात केवढी ताकद आहे पाहा! ‘आजारी कासव’ म्हटले असते तर पाटी टपावर गेली असती.

सासूबाईंनी जागा आधीच निवडून ठेवली होती. गोठ्याच्या पाठीमागे, सकाळचे ऊन लागेल आणि दुपारी आंब्याची सावली पडेल अशी. आम्ही हातभर लांबीरुंदीची चर खणून त्यात नदीची वाळू आणि शेतातली भुसभुशीत माती सारखी मिसळून भरली. दीड वीत खोल. माती कोरडी ठेवायची नाही, नाहीतर खड्डा ढासळतो. चिखलही करायचा नाही. मुठीत दाबली तर लाडवासारखी राहावी आणि बोटाने टोचली तर फुटावी, हे माप सासूबाईंचे, आणि ते डॉक्टरांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनीही मान्य केले. भोवती पत्र्याचे कुंपण जमिनीत खोल रोवले. ओढा पुढे काळू नदीला मिळतो, आणि राजाभाऊला काळूत जाऊ द्यायचे नव्हते. एका कडेला पाण्याची परात.

पहिल्या दिवशी तिने तीन ठिकाणी उकरले आणि तिन्ही सोडून दिले. वाडीतली सगळी पोरे कुंपणाभोवती. दुसऱ्या दिवशी तेच. आमच्या शेतावर कामाला येणारी एक ठाकर बाई होती. ती डोक्यावरचा भारा उतरवून थोडा वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “बाय, तुमी समदी बगताय, ती कशी खणंल? गाय तरी ब्यायला आडोसा बगते.” सासूबाईंनी पोरांना हाकलले, पत्र्यावर झावळ्या टाकल्या आणि मलाही घरात बसवले. मला ते फार जड गेले. दर तासाला मी काहीतरी निमित्त काढून गोठ्याकडे जाई आणि सासूबाई नुसत्या खाकरत.

तिसऱ्या दिवशी पहाटे, अजून पुरते फटफटले नव्हते, गोठ्यात शेण काढायला गेलेल्या सासूबाईंनी मला हळूच हाक मारली. झावळीच्या फटीतून मी पाहिले. राजाभाऊने आंब्याच्या बाजूचा कोपरा निवडला होता. तोंड कुंपणाकडे, आणि मागचे पाय आळीपाळीने चालत होते. उजव्या पायाचा पंजा आत जाई, ओंजळभर माती वर येई, ती बाजूला ठेवली जाई, मग डावा. डोळ्यांनी एकदाही मागे पाहणे नाही. मध्ये मध्ये ती अंगातले पाणी सोडून माती ओली करी. ही तिची स्वतःची सोय; आम्ही शिंपलेले पाणी तिला पुरेसे वाटले नसावे. तासाभरात वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठे, असा सुरईच्या आकाराचा खड्डा तयार झाला. ज्या जनावराने जन्मापासून काच आणि प्लास्टिक ह्यांवाचून काही पाहिले नाही, त्याला हा आकार कुणी शिकवला?

मग अंडी. एक अंडे आले की मागचा पाय आत जाऊन ते हलकेच सरकवून ठेवी. मऊ, चामड्यासारख्या कवचाची, पांढरी, अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी. सासूबाई माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि ओठांत पुटपुटत होत्या. मला वाटले नामस्मरण चालले आहे. त्या मोजत होत्या. सातव्यानंतर राजाभाऊ बराच वेळ थांबली. दोनदा अंग आवळले, काही आले नाही. मग तिने मागच्या पायांनी माती ओढून घेतली, पोटाकडच्या कवचाने ती थापटून सपाट केली, आणि सरळ परातीकडे चालू लागली.

“सात,” सासूबाई म्हणाल्या. “डॉक्टर नऊ म्हणाले होते.”

तो आकडा ठाऊक नसता तर आम्ही पेढे वाटून मोकळे झालो असतो. दुसऱ्या दिवसापासून राजाभाऊ मलूल दिसू लागली. मागचा डावा पाय नीट टेकेना. ह्या वेळी वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मुरबाडवरून कल्याण, कल्याणहून लोकल, आणि दुपारपर्यंत ठाणे. पुन्हा एक्स-रे. दोन अंडी, एकामागे एक, कंबरेच्या हाडाशी येऊन थांबलेली. डॉक्टरांनी बराच वेळ माप घेतले. अंडी निघण्याजोगी आहेत, फुटलेली नाहीत, ह्याची खात्री झाल्यावरच त्यांनी पुन्हा चुना दिला आणि थोड्या वेळाने कळांचे औषध टोचले.

हे औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. तबेलेवाले म्हशीला पान्हा फुटावा म्हणून चोरून टोचतात तेच. आईच्या अंगात बाळंतपणात जे द्रव्य आपोआप सुटते त्याचीच ही नक्कल. गंमत अशी की सापासरड्यांवर ते बेताचेच चालते, पण कासवांवर छान लागू पडते. मात्र ते घरच्या घरी द्यायचे औषध नव्हे, आणि म्हणून मी त्याची मात्रा लिहीत नाही. वाट अडलेली असताना कळा आणल्या तर अंडे आतच फुटते. फोटो न काढता सुई टोचायला निघालेला माणूस दिसला तर कासव उचलावे आणि घरी यावे.

राजाभाऊला कोमट उथळ पाण्यात, अंधाऱ्या खोलीत ठेवले. मी बाहेर बाकावर. पाऊण तासाने एक अंडे आले. दुसऱ्याला आणखी तास लागला. ते आले तेव्हा एका बाजूने चेपलेले आणि कवचाला खडबडीत जाड थर. किती दिवस धरून ठेवले होते कुणास ठाऊक! डॉक्टरांनी तिसरा फोटो काढून पोट मोकळे झाल्याचे दाखवले. मी घरी फोन लावला. सासूबाईंनी “सुटली बिचारी” एवढेच म्हटले आणि फोन ठेवला. पण नंतर कळले, त्या संध्याकाळी त्यांनी वाडीत प्रत्येक घरी गूळ-खोबरे दिले.

अंड्यांतून पिल्ले निघणार का, असे वाडीतल्या पोरांनी विचारले. बाराएक वर्षे दुसऱ्या कासवाचे तोंड न पाहिलेल्या राजाभाऊची ही अंडी, कोंबड्यावाचून कोंबडी घालते तशी. नराची गाठ पडलेली कासवी ते बीज वर्षानुवर्षे साठवू शकते, पण इथे तोही प्रश्न नव्हता. तरी एका परक्या जातीच्या बाबतीत खात्री असलेली बरी, म्हणून सगळी अंडी जुन्या पातेल्यात उकळून शेणखताच्या खड्ड्यात पुरली. पातेले पुन्हा चुलीवर गेले नाही. हात साबणाने धुतले. टबातले पाणीही आम्ही स्वयंपाकघराच्या मोरीत ओतत नाही. साल्मोनेला अजून आहेच.

ह्यावरून सासूबाईंच्या मनाला एक रुखरुख लागली. “ती बघायलासुद्धा गेली नाही गं अंड्यांकडे. कासवी नजरेने पिल्लांना वाढवते म्हणतात ना?” आपल्या संतांनी ती उपमा किती गोडीने वापरली आहे! कासवी दुरून पाहते आणि त्या प्रेमाच्या दृष्टीनेच पिल्ले पोसली जातात. प्रत्यक्षात माती थापटली की तिचे आईपण संपते. कुठलीच समुद्रातली वा गोड्या पाण्यातली कासवी सहसा परत वळून येत नाही. जे काही प्रेम करायचे ते तिने खड्डा खणताना केलेले असते.

नजर ठेवावी लागते ती माणसांनाच. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे समुद्रातली ऑलिव्ह रिडले कासवी रात्री वाळूत येते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री पळवीत. २००२ सालापासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. घरटे सापडले की अंडी उचलून कुंपणाच्या आत, तशाच सुरईच्या खड्ड्यात ठेवतात. आम्ही तिथे एकदा मुलांना घेऊन गेलो होतो. सकाळी टोपली उचलली तर आत पाच पिल्ले, ओल्या शाळिग्रामासारखी. ती समुद्राकडे निघाली तेव्हा सगळे पर्यटक दोरीमागे श्वास रोखून उभे. आता तिकडे डहाणूला जखमी समुद्री कासवांसाठी वनखात्याचे उपचार केंद्रही आहे.

राजाभाऊ आता मुरबाडलाच असते. आमच्या ह्यांनी आणि दिरांनी मिळून परसात सिमेंटचे टाके बांधले, एका बाजूला उतार, उताराच्या माथ्यावर मातीचा वाफा, भोवती कमरेएवढी भिंत. डबीतले वाळलेले दाणे बंद केले नाहीत, पण कमी केले. त्याऐवजी शेवग्याचा पाला, लाल भोपळा, आणि ओढ्यातली बारीक मासळी काट्यासकट. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणून त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवतो. ती तो कुरतडते आणि चुना आपोआप पोटात जातो. ऊन तर मुरबाडला मागाल तेवढे.

हे कासव तीस-चाळीस वर्षे जगू शकते असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी हिशेब केला आणि माझ्या धाकट्याला जवळ बोलावून सांगितले, “हिचे पुढचे तुला बघायचेय.” धाकटा तेव्हा बारावीत होता. त्याने मान हलवली.

एका हंगामात ती पुन्हा अंडी घालू शकते, हे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. मे महिन्याच्या अखेरीस तिने पुन्हा जेवण कमी केले. आम्ही वाफ्याची माती भुसभुशीत केली, झावळ्या टाकल्या, पोरांना ताकीद दिली. मी शहापूरहून रजा काढल्यासारखी येऊन बसले. पण त्या आठवड्यात भिंतीचा एक कोपरा डागडुजीसाठी उघडा होता. सकाळी टाके रिकामे! आम्ही सगळे कंदील, विजेऱ्या, काठ्या घेऊन ओढ्याकडे धावलो. सासूबाई तेवढ्या मागे राहिल्या. अर्ध्या तासाने त्यांनी अंगणातून हाक मारली. राजाभाऊ अंगणाच्या मधोमध, तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी माती थापटत बसली होती, आणि सासूबाई वाती वळता वळता शेजारी पाटावर.

“अकरा,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचा वाफा तिला आवडलेला नाही.”